दोन फुटी टँकमध्ये कोणते मासे एकत्र नांदतील? बरेच मासे गेले, मदत हवीये

वाघोलीकरीण

नमस्कार, इथे बरीच वर्षं वाचतेय पण धागा पहिल्यांदाच काढतेय. मुलाच्या आठव्या वाढदिवसाला फिश टँक घेतला, २४ × १२ × १५ इंचाचा, हॉलमध्ये ठेवलाय. दुकानदारानेच सगळं बसवून दिलं, खडे, वरचा फिल्टर, लाइट, एक निळं औषध, एक अँटीक्लोरीनची बाटली, आणि लगेच त्याच दिवशी मासे पण दिले. २ गोल्डफिश, २ एंजल, ४ टायगर बार्ब, ६ निऑन टेट्रा आणि काच साफ ठेवायला १ सकर. मी दोनदा विचारलं की हे सगळे एकत्र राहतात ना, तर म्हणाला बिनधास्त न्या.

तिसऱ्या दिवशी पाणी दुधासारखं झालं आणि एक निऑन तळाला मेलेला दिसला. मी घाबरून सगळं पाणी काढलं, खडे धुतले, फिल्टरचा स्पंज नळाखाली चांगला पिळून स्वच्छ केला आणि नवीन पाणी भरलं, तर पुढच्या दोन दिवसांत अजून तीन निऑन गेले, उरलेले दोन तर सापडलेच नाहीत. टायगर बार्ब दिवसभर एंजलच्या मागे लागून त्यांचे लांब पंख कुरतडतात, काल एक एंजलही गेला. मुलाने सगळ्यांची नावं ठेवली होती, काल रात्री जेवला नाही तो. आता मला खरंच समजून घ्यायचंय की कोणता मासा कोणाबरोबर ठेवायचा हे ठरवतात कसं. प्लीज सविस्तर सांगा.

ओंजळभर_पाणी

ताई, वाईट वाटलं वाचून. मी ठाण्यात गेली १७ वर्षं मासे पाळतोय आणि पहिल्या वर्षी माझ्याकडे अगदी असंच झालं होतं. सविस्तर लिहितो पण आधी तीन गोष्टी सांगा. पाणी कुठलं आहे, पालिकेचं की बोअरचं की टँकरचं? टँक लावून किती दिवस झाले? आणि अमोनियाचं टेस्ट किट मिळालं तर आजच आणा, थेंबांचं आणा, कागदी पट्ट्या नकोत.

तोवर आत्ता लगेच करायचं म्हणजे रोज ३०-४० टक्के पाणी बदला, नवीन पाण्यात अँटीक्लोरीन टाकून साधारण तेवढ्याच तापमानाचं भरा. खाणं एक दिवसाआड आणि अगदी चिमूटभर. स्पंजला हात लावू नका.

कॉलेजरोड_नाशिक

सापडले नाहीत ते दोन निऑन रात्रीत मेले असतील आणि बाकीच्यांनी खाल्ले असतील. एंजल लहान असताना निऑन त्याच्या तोंडात मावत नाही, सहा-आठ महिन्यांनी मावतो, तेव्हा मात्र तो जिवंतच गिळतो. माझ्या डोळ्यांसमोर झालंय.

वाघोलीकरीण

किट आणलं. टँकला ९ दिवस झालेत. अमोनिया २ पीपीएम दाखवतोय, नायट्राइट ०, पीएच ८. पाणी सोसायटीच्या बोअरचं आणि उन्हाळ्यात टँकरचं, टीडीएस ६४० आहे (घरच्या आरओवाल्याच्या मीटरने मोजला). सोसायटीत सॉफ्टनर प्लांट पण आहे, म्हणजे पाणी सॉफ्ट झालं ना मग?

ओंजळभर_पाणी

आता सविस्तर लिहितो, लांब होईल, चहा घेऊन बसा.

पहिलं म्हणजे हे मासे एकमेकांमुळे कमी आणि पाण्यामुळे जास्त मेलेत. माशाच्या श्वासातून आणि शेणातून अमोनिया सुटतो, तो विषारी आहे. फिल्टरच्या स्पंजवर, खड्यांवर एक प्रकारचे जिवाणू वाढतात, ते अमोनियाचं नायट्राइट करतात, तेही विषारीच, मग दुसरे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात, ते त्या मानाने बरंच निरुपद्रवी आणि आपण आठवड्याला पाणी बदललं की निघून जातं. ही वस्ती बसायला ४ ते ६ आठवडे लागतात, तुमच्याकडे ती बसायच्या आधीच १५ मासे आले. पाणी दुधाळ होणं हे जिवाणूंचंच एकदम वाढणं असतं, तेव्हा थांबायचं असतं. तुम्ही चांगल्या हेतूने सगळं धुतलंत, पण जी काही थोडी वस्ती धरली होती ती त्या धुण्यात गेली. आणि पीएच ८ ला तेवढाच अमोनिया पीएच ७ पेक्षा कितीतरी जास्त जहरी असतो. तुमची चूक नाही, दुकानात हे सांगायला हवं होतं.

आता मूळ प्रश्न. सोबती निवडताना लोक आधी विचारतात हा मासा भांडतो का. मी ते शेवटी विचारतो. आधी पाणी आणि तापमान, मग पूर्ण वाढल्यावरचा आकार, मग स्वभाव. दुकानात सगळे मासे दीड-दोन इंचाचे असतात, सगळी बाळं, म्हणून तिथे सगळेच एकत्र राहणारे वाटतात.

गोल्डफिश हा थंड पाण्याचा मासा, १८ ते २२ अंशांत खूश. एंजल, टेट्रा, बार्ब हे सगळे २४ ते २८ वाले. एकाला सुखाचं ठेवलं की दुसरा कुढतो. शिवाय गोल्डफिश घाण प्रचंड करतो, त्याला पोट असं वेगळं नसतंच, खाल्लं की निघालं. फुगीर जातीचा ६ ते ८ इंच होतो आणि साधा लांबट त्याहून मोठा, नीट ठेवला तर १० ते १५ वर्षं जगतो. तुमचा टँक हिशोबाने ७० लिटरचा, खडे आणि वरची मोकळी जागा धरली तर पाणी ५५-६० लिटरच. त्यात दोन गोल्डफिशच जास्त होतात, बाकी कोणी तर सोडाच.

टायगर बार्ब हा वाईट मासा नाही पण लांब संथ पंख दिसले की तो कुरतडणारच. एंजल, गुरामी, फायटर, गप्पी यांच्याबरोबर त्याला कधीच ठेवायचं नाही. आणि ४ ही त्याची सगळ्यात वाईट संख्या, ८-१० चा जथा असला की ते आपापसातच पाठशिवणी खेळतात आणि इतरांना जरा कमी त्रास देतात, पण त्याला तीन फुटी टँक हवा.

एंजल अंगाने ६ इंच होतो आणि वरखालचे पंख धरून ८-१० इंच उंच. तुमची उंची १५ इंच, त्यातून खडे वजा करा. म्हणजे वर्षभराने तो काचेला घासत फिरणार. शिवाय तो सिक्लिड कुळातला, जोडी जमली की आपली जागा राखतो आणि बाकीच्यांना कोपऱ्यात कोंबतो.

सकरबद्दल वेगळंच लिहायला पाहिजे, कोणीतरी लिहीलच.

निऑन मूळचा ॲमेझॉनच्या मऊ, आम्लधर्मी पाण्यातला. नव्या टँकमध्ये तो सगळ्यात आधी जातो. पाणी सहा महिने मुरलेलं असेल तरच मी निऑन सोडतो, तेही ८-१० एकदम.

म्हणजे तुमच्या पाच जातींपैकी कुठल्याही दोन घेतल्या तरी या टँकमध्ये जोडी जमत नाही. कठोर वाटेल, पण हे लवकर कळलं तर उरलेले तरी वाचतील.

दूधगंगा_काठ

सॉफ्टनरचं राहिलंच की. ताई, सॉफ्टनर पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम काढून त्या जागी सोडियम घालतो. साबणाला फेस येतो, भांड्यांवर पांढरे डाग पडत नाहीत, पण टीडीएस तसाच राहतो आणि माशाला काही उपयोग होत नाही, उलट मॉली-गप्पीला जे कॅल्शियम हवं असतंय तेच जातंय. सॉफ्टनरच्या आधीचं पाणी मिळत असलं तर ते घ्या. आणि टीडीएस म्हणजे कडकपणा नव्हे, टीडीएस सगळंच विरघळलेलं मोजतो. कडकपणाचं किट वेगळं मिळतंय, जीएच म्हणून.

निऑनप्रेमी_चेंबूर

वरच्या मोठ्या प्रतिसादाशी बराचसा सहमत, पण निऑनबद्दल नाही. आज आपल्याकडे मिळणारे बहुतेक मासे चेन्नईच्या कोळत्तूरकडच्या नाहीतर कोलकात्याच्या आसपासच्या फार्मवरचे असतात, ॲमेझॉन त्यांनी पाहिलेलंच नाही. माझ्या भावाकडे पुण्यातच टीडीएस ४५० मध्ये १२ निऑन तीन वर्षं आहेत. मारक ठरतो तो एकदम बदल. दुकानात टीडीएस २०० आणि घरी ६५०, पिशवी फोडून ओतली की संपलं. तासभर थेंबाथेंबाने आपलं पाणी पिशवीत मिसळत नेलं तर जगतात.

ओंजळभर_पाणी

थेंबाथेंबाने सवय लावायचं शंभर टक्के बरोबर, ते मी लिहायला हवं होतं. पण जगणं आणि बहरणं यात फरक आहे असं मला वाटतं. निऑन कडक पाण्यात जगतो, रंग जरा फिका राहतो, अंडी धरत नाही. तुमच्या-माझ्यासारख्याने ठेवला तर ठीक, आपल्याकडे भातसा-तानसाचं मऊ पाणी नळाला येतं. यांच्याकडे बोअर आहे आणि टँक कोरा आहे. पहिल्याच फेरीत पाण्याशी भांडण कशाला? ज्याला कडक पाणी आवडतं असा मासा घ्यावा.

निऑनप्रेमी_चेंबूर

पहिल्या टँकसाठी हे मान्य.

भीमाकाठ

सकरवर मी लिहितो. आमचं गाव उजनीच्या पाणलोटातलं. दुकानात जो दोन-तीन इंचाचा सकर पन्नास रुपयाला देत्यात तो दीड फुटापर्यंत वाढतोय. दोन फुटी टँकमध्ये तो वळणार तरी कसा? लहानपणी शेवाळ खातोय, मोठा झाला की शेवाळ सोडून माशांचं खाणं खातोय, रात्री झोपलेल्या चपट्या माशांच्या अंगावरचा चिकट थर चाटतोय, गोल्डफिश आणि एंजलला तर हमखास. आणि शेण एवढं करतोय की काच साफ करायला आणलेल्या माशाचीच घाण आपण काढत बसतो.

मग लोक काय करत्यात, मोठा झाला की पुण्य म्हणून नदीत नाहीतर तळ्यात सोडत्यात. आमच्याकडं जाळ्यात सकर येतोय. त्याच्या पाठीवर-कल्ल्यांवर काटेरी कवच असतंय, जाळं फाटतंय, विकत कोणी घेत नाही, सोडवताना हात रक्ताळत्यात. आंध्र, तमिळनाडू, बंगाल सगळीकडं हीच तक्रार आहे. परदेशातला मासा, खाणारा कोणी नाही, काठाच्या मातीत बिळं करून अंडी घालतोय. हात जोडून सांगतो, टँकमधला कुठलाही मासा नदीत, तळ्यात, विहिरीत सोडू नका. दुकानात परत द्या, ओळखीच्या मोठ्या टँकवाल्याला द्या.

कॉलेजरोड_नाशिक

भीमाकाठ, खूप महत्त्वाचं लिहिलंत. मे २०२३ मध्ये काश्मीरच्या दल सरोवरात सापडलेला अ‍ॅलिगेटर गार हा परदेशी मासापण असाच कोणाच्या तरी टँकमधून आला असणार. ताई, काच साफ करायला मॅग्नेटचा ब्रश मिळतो, लाइट रोज ६-७ तासच ठेवा आणि खाणं कमी करा, शेवाळ आपोआप आटोक्यात राहतं.

वाघोलीकरीण

सगळ्यांचे मनापासून आभार. डोकं जरा गरगरलं पण दोनदा वाचल्यावर कळलं. सकरबद्दल वाचून मी आणि मुलगा दोघंही गप्प बसलो. आता अडचण अशी आहे की सासूबाईंचं म्हणणं टँक ठेवायचाच तर वास्तूप्रमाणे ८ सोनेरी आणि १ काळा मासा हवा, त्यांच्या मैत्रिणीकडे तसेच ९ गोल्डफिश आहेत. त्यांना नाही म्हणायचं माझ्या जिवावर येतं, त्या मुलासाठीच सांगतायत. पण इथे दोन गोल्डफिशच जास्त म्हणताय तर ९ कसे ठेवू?

शेवंतीचा_वाफा

माझ्या आईचाही हाच आग्रह होता. ९ गोल्डफिशना सव्वाशे-दीडशे लिटर पण पुरत नाही, निदान साडेतीनशे-चारशे लिटर लागेल, तो चार-पाच फुटी टँक झाला, त्याचं पाण्यासकट वजन चारशे किलोच्या पुढे, साध्या टीव्ही युनिटवर ठेवता येत नाही. आणि मासे सारखे मरत राहिले की घरातल्या वडीलधाऱ्यांना त्याचाच जास्त त्रास होतो, माझी आई प्रत्येक वेळी काहीतरी अपशकुन म्हणून दिवसभर काळजी करायची. त्यांच्याशी वाद घालू नका, संख्या आणि रंग जपून मासा बदलता येतो का बघा.

ओंजळभर_पाणी

शेवंतीताईंनी अगदी बरोबर दिशा दाखवली. प्लॅटी! वाघोलीकर ताई, तुमच्या पाण्यासाठी प्लॅटीइतका योग्य मासा नाही. कडक पाणी, पीएच ७.५ ते ८.२, सगळं त्याला आवडीचं. दोन ते अडीच इंचाचा होतो, शांत, दिवसभर पुढे काचेपाशी फिरतो, मुलांना लगेच ओळखायला लागतो. केशरी-सोनेरी रंगाचे मिळतात आणि काळेही मिळतात. ८ सोनेरी आणि १ काळा असे ९ प्लॅटी तुमच्या टँकमध्ये आरामात राहतील.

एकच अट, सगळे नर घ्या. प्लॅटी, गप्पी, मॉली, स्वोर्डटेल हे अंडी न घालता थेट पिल्लं देतात, साधारण महिन्याला एक वेत, २०-३० पिल्लं. मादी नराचं बीज काही महिने साठवून ठेवते, त्यामुळे नुसत्या माद्या आणल्या तरी घरी येऊन पिल्लं होतात. सहा महिन्यांत तुमचा ९ चा आकडा ९० होईल. ओळखायचं कसं तर पोटाखालचा मागचा पंख बघा, मादीचा पंख्यासारखा उघडलेला त्रिकोणी असतो, नराचा काडीसारखा बारीक आणि मागे वळलेला. दुकानात पाच मिनिटं शांत उभं राहून एकेक निवडून घ्या, दुकानदार जाळीत येतील ते देतो.

गप्पीवाला_सातारा

आणि ज्यांना नर-मादी दोन्ही ठेवायचेत त्यांनी एका नरामागे दोन-तीन माद्या ठेवाव्यात, नाहीतर नर एकाच मादीच्या मागे लागून तिला थकवून मारतात. गप्पीचं पण तेच. पिल्लं जास्त झाली तर नगरपालिकेच्या मलेरिया विभागात विचारा, बऱ्याच ठिकाणी डासांच्या अळ्या खायला गप्पी लागतात, ते स्वतःच ठरवतात कुठल्या टाकीत सोडायचे. आपण आपल्या मनाने ओढ्यात सोडायचे नाहीत, भीमाकाठ यांनी सांगितलं तेच कारण.

संत्रा_बर्डी

नागपूरवरून लिहितो. मे महिन्यात आमच्याकडे हॉलमधलं पाणी ३४ ला जाते बाप्पा. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी राहते आणि माशाला तर जास्त लागते, मग सगळे वर येऊन तोंड उघडत राहतात. गोल्डफिश सगळ्यात आधी जातात, मी दोन वर्षं लागोपाठ गमावले, तेव्हापासून ठेवत नाही. टँकचं झाकण काढून वरून छोटा पंखा लावला तर बाष्पीभवनानं दोन-तीन डिग्री उतरते, एअर पंप चालू ठेवायचा, आणि भर दुपारी लाइट लावायचा नाही. बर्फ थेट टाकू नका, झटका बसते. बॅटरीवाला एअर पंप घेऊन ठेवा, लाइट गेली की तोच वाचवते. तुमच्या पुण्यात उलट, डिसेंबरात हीटर लागन, ५०-७५ वॉटचा पुरते.

फायटर_आहे_घरी

जरा मध्येच विचारतो, माझ्याकडे एक नर फायटर आहे, काचेच्या बरणीत. त्याच्या सोबतीला गप्पी ठेवू का? एकटा आहे म्हणून वाईट वाटतं.

कॉलेजरोड_नाशिक

नर गप्पी नको. त्याची रंगीत फुलारलेली शेपटी बघून फायटरला तो दुसरा फायटर वाटतो, एक तर तो गप्पीला फाडतो नाहीतर गप्पीच त्याचे पंख टोचतात. फायटरला एकटेपणा वाटत नाही, उलट सोबतीचाच ताण येतो. पण बरणी नको हो. तो थेट हवेतून श्वास घेऊ शकतो म्हणून बरणीत तग धरतो, पण तग धरणं म्हणजे सुखात राहणं नाही. निदान १५-२० लिटरचा छोटा टँक, मंद स्पंज फिल्टर, थोडी झाडं आणि २५ ते २८ तापमान. जागा वाढली की तो काय सुंदर फिरतो ते बघाच.

फायटर_आहे_घरी

घेतो या रविवारी. धन्यवाद.

वाघोलीकरीण

सासूबाईंना प्लॅटीचे फोटो दाखवले. त्या बराच वेळ बघत होत्या, मग म्हणाल्या गोल्डफिशच पाहिजे असं काही नाही, मासे जगले पाहिजेत. इतकं हलकं वाटलं मला. आता उरलेल्या माशांचं काय करू, कोणी घेईल का? आणि तळाला फिरणारा एखादा मासा चालेल का, मुलाला सकरच्या जागी काहीतरी हवंय.

हडपसर_गच्ची

गोल्डफिश मी घेतो. गच्चीवर सावलीत सिमेंटची ६०० लिटरची टाकी आहे, त्यात सहा आहेत, दोन येतील. पण आधी वेगळ्या टबमध्ये तीन आठवडे ठेवीन, कोणताही नवा मासा थेट जुन्यांत सोडायचा नसतो, पांढरे ठिपके नाहीतर बुरशी घेऊन येतात. आणि येताना माझ्या जुन्या स्पंज फिल्टरचा एक तुकडा पिशवीत पाणी घालून देतो, तो तुमच्या फिल्टरमध्ये ठेवा. जिवाणूंची तयार वस्ती मिळेल, तुमचे महिना-दीड महिन्याचे दोन-तीन आठवडेच होतील.

ओंजळभर_पाणी

हडपसरकर, हे फार मोलाचं काम करताय.

तळासाठी ब्राँझ कोरी, म्हणजे कोरीडोरस. दोन-अडीच इंचाचा, मिशाळ, दिवसभर तळ हुंगत फिरतो. तसा तो मऊ पाण्याचा पण ही एक जात बऱ्यापैकी कडक पाणी सोसते, त्यातल्या त्यात सॉफ्टनर नसलेलं पाणी घ्या आणि अर्धी बादली आरओचं मिसळलंत तर उत्तम, फक्त दर वेळी तेच प्रमाण ठेवा. एक-दोन आणायचे नाहीत, ५-६ एकत्र. एकटा कोरी झाडामागे लपून बसतो, सहा असले की वरात निघते. तुमचे खडे टोकेरी असतील तर बदला, त्याच्या मिशा झिजतात आणि तिथे संसर्ग होतो, बारीक गोल वाळू घाला. आणि तो उष्टं-माष्टं खाऊन जगेल असं समजू नका, त्याला बुडणाऱ्या गोळ्या वेगळ्या टाकायच्या, रात्री लाइट बंद करताना.

कोथरूड_डेपो

एंजल माझ्याकडे द्या. चार फुटी टँक आहे, २० इंच उंच, त्यात चार एंजल आणि मोठे काँगो टेट्रा आहेत. त्याचे पंख परत येतील, मूळ शाबूत असलं तर येतात.

रानवाटा_सिंधुदुर्ग

देशी माशांचाही विचार करा असं सुचवायचं होतं. झेब्रा डॅनिओ आपल्याच गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातला, १८ ते २६ पर्यंत सगळं सोसतो, सहा जण असले की दिवसभर रेस. हनी गुरामी पण तिकडचाच, शांत. आणि हे घेताना फार्मवर वाढवलेलेच घ्या. सह्याद्रीतले मासे ओढ्यातून धरून आणू नका, ते एखाद्याच नदीत असतात. मिस केरळ म्हणून लाल पट्ट्याचा जो सुंदर मासा मिळायचा तो असाच ओरबाडला गेला आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर वन्यजीव कायद्याच्या अनुसूचीत गेलाय, कोणी दिला तरी घेऊ नका.

वाघोलीकरीण

झेब्रा डॅनिओ फारच गोड आहे पण इथे तो प्लॅटींबरोबर बसेल का?

रानवाटा_सिंधुदुर्ग

स्वभावाने बसेल, जागेने नाही. ९ प्लॅटी आणि ६ कोरी झाले की तुमचा टँक भरला. डॅनिओला लांब धावायला तीन फुटी असला तर बरं. पुढच्या टँकसाठी ठेवा.

वाघोलीकरीण

दहा आठवड्यांनी अपडेट देतेय, उशिराबद्दल माफी.

दोन गोल्डफिश हडपसरला गेले, एंजल कोथरूडला गेला, त्याचे पंख अर्धे आलेत असा फोटो आलाय. बार्ब आणि सकर दुकानात परत दिले, पैसे काही मिळाले नाहीत, पण त्यांनी घेतले. मग हडपसरचा स्पंज घालून टँक तीन आठवडे माशांशिवाय चालवला, रोज चिमूटभर खाणं टाकायचो म्हणजे जिवाणूंना अमोनिया मिळत राहील. मुलाने वहीत तक्ता केला होता, रोज शाळेतून आला की थेंब टाकून रंग जुळवायचा. एकोणिसाव्या दिवशी अमोनिया ०, नायट्राइट ०, नायट्रेट २०. तो ओरडतच स्वयंपाकघरात आला.

आधी ५ प्लॅटी आणले, सगळे सोनेरी, सगळे नर. दुकानात मीच पंख बघून निवडले, अर्धा तास लागला. दुकानदाराने विचारलं कोणी शिकवलं. पिशवी तरंगत ठेवून पाऊण तास थेंबाथेंबाने पाणी मिसळलं. दोन आठवड्यांनी उरलेले ३ आणि १ काळा. त्यानंतर वाळू बदलून ६ कोरी. दर रविवारी २५ टक्के पाणी बदलतो, स्पंज त्याच काढलेल्या पाण्यात हलका पिळतो. आजपर्यंत एकही गेला नाही.

एक विचारायचं होतं, काळा प्लॅटी दोन सोनेरींच्या मागे धावतो, पंख शाबूत आहेत सगळ्यांचे. काळजीचं आहे का?

ओंजळभर_पाणी

फार फार आनंद झाला. मुलाला माझी शाबासकी सांगा, तो वहीतला तक्ता जपून ठेवा.

सगळे नर असले की थोडी धावाधाव चालते, कोण मोठा ते ठरवतात. पंख शाबूत आहेत, सगळे खायला वर येतात, कोणी कोपऱ्यात दबून बसत नाही, म्हणजे ठीक. मध्ये एखादं उंच झाड किंवा लाकडाचा ओंडका ठेवा, नजर तुटली की पाठलाग थांबतो. व्हॅलिसनेरिया लावा, तुमच्या कडक पाण्यात गवतासारखं वाढेल. आणि यापुढे या टँकमध्ये एकही मासा नको, कितीही आवडला तरी.

शेवंतीचा_वाफा

सासूबाई काय म्हणतात?

वाघोलीकरीण

सकाळी दिवा लावून झाला की टँकपाशी खुर्ची घेऊन बसतात आणि मोजतात. काळा पटकन सापडतो, सोनेरी सारखे फिरतात त्यामुळे आठ मोजायला वेळ लागतो. मुलगा उठला की त्याला सांगतात, सगळे आहेत रे.

व्हॅलिसनेरिया कुठे मिळेल, कोणाकडे जास्तीची आहे का?

हडपसर_गच्ची

माझ्याकडे टाकीभर झालीये. शनिवारी या, गोल्डफिश पण बघून जा, दोघं चांगले वाढलेत.